घटिकेत मावळणारा दिवस



 गेम घडवणाऱ्यांच्या परिषदेत अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या एकूण स्थितीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. बाजारपेठ, गुंतवणूक, नोकऱ्या, नवी साधने या विषयांवर पुढच्या सत्रांमध्ये जाणकार मंडळी बोलणार आहेत. त्यामुळे माझ्या वाट्याचा वेळ मी एकाच प्रश्नाला द्यायचे ठरवले आहे. ओपन वर्ल्ड आरपीजीमध्ये, म्हणजे खेळाडू एक भूमिका घेऊन मोकळ्या जगात मनाजोगता हिंडतो अशा गेममध्ये, घड्याळ किती वेगाने चालावे?

प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बहुतेक इंजिनांमध्ये तो एका आकड्याचा मामला असतो. टाइमस्केलच्या रकान्यात 20 लिहा किंवा 30 लिहा, सूर्य त्या गतीने फिरू लागतो. पण त्या जगात लांब म्हणजे किती लांब, रात्रीची भीती वाटते की नाही, दुकान बंद होण्याआधी पोहोचायची घाई होते की नाही, कुणाला दिलेल्या शब्दाला वजन येते की नाही, हे सारे त्या एका आकड्यावर ठरते. आपल्या धंद्यात तो आकडा बहुधा सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा आधीच्या गेममधून उचलून बसवला जातो. तो सगळ्यात आधी ठरावा, आणि एका प्रश्नाच्या उत्तरातून ठरावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. तो प्रश्न असा: सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत खेळाडूच्या हातून कोणते काम पुरे व्हावे?

आधी आजवर काय झाले ते पाहू. त्यासाठी मी आपले जुने माप घेते. अहोरात्रीच्या साठ घटिका. एक घटिका 24 मिनिटांची. दोन घटिकांचा एक मुहूर्त, साडेसात घटिकांचा एक प्रहर. लग्नाची वेळ साधण्यासाठी घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत, ते याच हिशेबाने. हे माप घेण्याचे कारण असे, की गेममधले दिवस त्यात आश्चर्य वाटावे इतके चपखल बसतात. रॉकस्टारच्या 2001 सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 3’मध्ये आपला एक सेकंद म्हणजे तिथले एक मिनिट. सबंध दिवस 24 मिनिटांत, म्हणजे बरोबर एका घटिकेत संपतो. निन्टेन्डोच्या 2017 सालच्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्येही तेच प्रमाण आहे. बेथेस्डाच्या 2006 सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये काळ 30 पट वेगाने धावतो. दिवस 48 मिनिटांचा, म्हणजे एका मुहूर्ताचा. त्याच मालिकेतल्या 2011 सालच्या ‘स्कायरिम’मध्ये वेग 20 पट, दिवस 72 मिनिटांचा, तीन घटिकांचा. दुसऱ्या टोकाला 2004 साली आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आहे. तिथले दिवसरात्र सर्व्हरच्या खऱ्या घड्याळाप्रमाणे होतात. तिथला दिवस पुऱ्या साठ घटिकांचा.

या आकड्यांमधून एक कल दिसतो. बेथेस्डाच्याच ‘मोरोविंड’ आणि ‘ऑब्लिव्हियन’मध्ये 30 असलेला वेग ‘स्कायरिम’मध्ये 20वर आला. त्याच कंपनीच्या ‘फॉलआउट 3’मध्ये 30 होता, तो ‘फॉलआउट 4’मध्ये 20 झाला. रॉकस्टारने 2004 सालच्या ‘सॅन अँड्रियास’पर्यंत 24 मिनिटांचा दिवस ठेवला आणि 2008 सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 4’मध्ये तो 48 मिनिटांचा केला. दोन वेगळ्या कंपन्यांनी, वेगळ्या प्रकारच्या गेममध्ये, थोड्याच वर्षांच्या अंतराने आपले घड्याळ हळू केले. याचा मी लावलेला अर्थ असा. जग जितके दाट होत गेले, रस्त्यावर बघण्यासारखे आणि थांबून ऐकण्यासारखे जितके वाढले, तितका एक दिवस तोकडा पडू लागला.

मग घड्याळ पळवायचेच कशाला? याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही मला पटतात.

पहिले कारण जमिनीचे आहे. ‘स्कायरिम’ हा कथेत एक भलामोठा प्रांत आहे. त्यात राजधान्या आहेत, डोंगररांगा आहेत, यादवी युद्ध आहे. प्रत्यक्षात त्या नकाशाचा बराचसा पल्ला खेळाडू अर्ध्या तासात पायी पार करतो. घड्याळ खऱ्या वेगाने चालले असते, तर सकाळी सातला निघालेला प्रवासी साडेसातला प्रांताच्या पलीकडे पोहोचला असता आणि तो प्रांत एखाद्या खेड्याच्या शिवाराएवढा वाटला असता. 20 पट वेगात तोच अर्धा तास दहा तासांचा होतो. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी मुक्कामी पोहोचतो आणि दिवसभराची मजल मारल्यासारखे वाटते. जमीन आखडली की काळही त्याच मानाने आखडावा लागतो, तरच अंतर खरे वाटते.

दुसरे कारण खेळणाऱ्याच्या संध्याकाळचे आहे. कामावरून येऊन, जेवून, मुले झोपल्यावर माणसाकडे तास-दीड तास उरतो. एका बैठकीत त्याला पहाटही दिसावी, भर दुपारही आणि चांदणेही. 72 मिनिटांचा दिवस हे साधतो. खऱ्या घड्याळावर चालणाऱ्या जगात रोज रात्री दहाला खेळायला बसणाऱ्याला कायम रात्रच भेटते. त्या जगातली पहाट त्याच्या वाट्याला कधी येत नाही.

काळ आवळण्याची किंमतही मोठी असते. ती तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत आकाशात. खरा सूर्य ताशी 15 अंश सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाएवढे अंतर कापायला त्याला सुमारे दोन मिनिटे लागतात. 20 पट वेगात तेवढ्याला सहा सेकंद लागतात, 60 पट वेगात दोनच. सूर्याची हालचाल मग डोळ्यांना दिसू लागते आणि झाडांच्या सावल्या जमिनीवरून रांगतात. ‘स्कायरिम’मध्ये त्या सलग न सरकता ठरावीक वेळाने जागा बदलतात. ते खटकणाऱ्या खेळाडूंनी सेटिंगच्या फायली उघडून तो अवधी बदलून पाहिला आहे. संध्याकाळचा तिरपा उजेड हा चित्रकाराचा आणि छायाचित्रकाराचा जीव की प्राण. घटिकेच्या दिवसात तो जेमतेम मिनिटभर टिकतो. आपल्या कलाकारांनी महिनोन्‌महिने खपून रंगवलेली सांज खेळाडू खिशातले सामान लावत असताना निघून जाते.

दुसरी किंमत माणसांमध्ये. रिचर्ड गॅरियट यांच्या 1988 सालच्या ‘अल्टिमा 5’मध्ये गावातल्या माणसांना दिनक्रम मिळाला. ती वेळेवर उठत, कामाला जात, जेवत, झोपत. कॉम्प्युटरवरच्या आरपीजीच्या इतिहासातला तो मोठा क्षण होता. ‘ऑब्लिव्हियन’ने ‘रेडियंट एआय’ या नावाने तोच विचार शेकडो माणसांपर्यंत नेला. पण घड्याळ पळते आणि माणूस मात्र आपल्याच गतीने चालतो. लोहाराची भट्टी आणि घर यांत दीडशे मीटरचे अंतर धरा. साधारण चालीने त्याला पावणेदोन मिनिटे लागतील. 30 पट वेगाच्या घड्याळात ती पाऊण तासाहून अधिक होतात. जेवायला घरी जाऊन परत येण्यात त्याची सगळी दुपार सरते. शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलला की तास गेला. दिनक्रम लिहिणाऱ्या डिझायनरला मग कामे छाटावी लागतात, घरे जवळ आणावी लागतात आणि गावाचे गावपण कमी होते. एनपीसी, म्हणजे गेमच चालवतो ती ही माणसे, कृत्रिम वाटतात अशी तक्रार आली की आपण त्यांच्या बुद्धीला दोष देतो. पुष्कळदा त्यांना दिवसच पुरेसा दिलेला नसतो.

तिसरी किंमत हिशेबात. बहुतेक अशा गेममध्ये एकाच वेळी दोन घड्याळे चालतात. मंत्राचा परिणाम, तलवारीचा वार, विषाचा अंमल हे खेळाडूच्या खऱ्या सेकंदांत मोजले जातात. आजार, भूक, दुकानातला माल, पुन्हा उगवणारी झाडे हे गेमच्या तासांत आणि दिवसांत. ‘स्कायरिम’मध्ये दुकाने साधारण सकाळी आठ ते रात्री आठ उघडी असतात, म्हणजे खेळाडूची 36 मिनिटे. व्यापाऱ्याचा माल दोन दिवसांनी नवा होतो, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटांच्या खेळानंतर. गुहा आणि वाडे दहा दिवसांनी पुन्हा भरतात, आणि पूर्ण साफ केले असतील तर तीस दिवसांनी. खेळाडू वाट पाहण्यात किंवा झोपेत वेळ घालवत नसेल, तर हे बारा तास आणि छत्तीस तास झाले. आता कन्सोलवर, म्हणजे गेमला थेट आदेश देण्याच्या चौकटीत, एक ओळ लिहून कोणी टाइमस्केल 20वरून 5वर आणला, तर दिवस लांब होतो, सांज निवांत होते. पण तीच गुहा आता 48 तासांच्या खेळानंतर भरते आणि व्यापारी साडेनऊ तासांच्या खेळापर्यंत त्याच पाच बाटल्या पुढे करतो.

असंख्य खेळाडूंनी हा आकडा स्वतः बदलून पाहिला आहे. कोणी दहा केला, कोणी सहा, तर कोणी थेट एक करून खऱ्या वेळेत जगून पाहिले. ही माणसे खेळ बिघडवत नव्हती. त्या जगावर त्यांचा जीव जडला होता आणि तिथे त्यांना अधिक वेळ हवा होता. त्यांची इच्छा योग्य होती. तिला साजेशी पूर्वतयारी करणे हे आपले, गेम घडवणाऱ्यांचे, काम आहे.

आता मी या विषयाच्या गाभ्याकडे येते. दिवस किती लांब, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: गेलेल्या दिवसाचा त्या जगाला काही फरक पडतो का?

आरपीजीचा जन्म कागदावर झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला. 1979 साली आलेल्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी काळाची काटेकोर नोंद ठेवण्यावर कमालीचा भर दिला. भुयारातला प्रवास दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांमध्ये मोजायचा. मशाल एवढ्या पाळ्या जळणार, एवढ्या पाळ्यांनंतर विसावा घ्यायचा, मधूनमधून फासे टाकून कोणी भटके श्वापद येते का पाहायचे. थांबणे फुकट नव्हते. खजिन्याच्या शोधात आणखी एक दालन उघडायचे, तर तेवढी मशाल जळणार. त्या टेबलावर काळ हा सोन्यानाण्याइतकाच जपून खर्च करायचा ऐवज होता.

कॉम्प्युटरने दिवसरात्र घेतली आणि ही जमाखर्चाची वही बाजूला ठेवली. ‘स्कायरिम’ची कथा चौथ्या युगाच्या 201व्या वर्षी, ‘लास्ट सीड’ महिन्याच्या 17 तारखेला सुरू होते. जग गिळायला निघालेला ड्रॅगन परत आला आहे. खेळाडू फुले गोळा करत, घरे बांधत वर्षे घालवू शकतो. ड्रॅगन थांबतो. मोकळेपणासाठी हे केले गेले आणि त्या मोकळेपणाची गोडी मला मान्य आहे. पण ज्या पात्राच्या तोंडी आपण ‘ताबडतोब निघा, वेळ नाही’ असे वाक्य देतो, ते पात्र त्या क्षणी खोटे बोलत असते. दोन-तीनदा असा अनुभव आला की खेळाडू पात्रांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणे सोडतो. पुढे लेखकाने कितीही कळवळून लिहिले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

उलट बाजूचा अनुभवही आपल्यापाशी आहे. 1997 सालच्या ‘फॉलआउट’मध्ये तळघरातल्या वस्तीचे पाणी शुद्ध करणारी चिप शोधायला 150 दिवस मिळतात. पाणी विकणाऱ्यांना पैसे देऊन शंभर दिवस वाढवून घेता येतात. त्याच गेममध्ये शत्रू वस्तीवर चालून येण्याची आणखी एक मुदत होती. ती पॅच काढून इतकी लांबवण्यात आली की जवळजवळ रद्दच झाली. लोकांना हिंडायचे होते आणि डोक्यावरची मुदत हिंडू देत नव्हती. मुदतीने कथेला गांभीर्य येते आणि जगाचा मोकळेपणा जातो. ही ओढाताण खरी आहे आणि एका आकड्याने ती सुटत नाही.

ती ज्यांनी कल्पकतेने सोडवली त्यांच्याकडून आपण शिकावे. ‘झेल्डा: मेजोराज मास्क’ 2000 साली आला. काटेकोर अर्थाने तो आरपीजी नव्हे, पण काळाचा इतका सखोल विचार फार थोड्या गेमनी केला आहे. तीन दिवसांनी चंद्र कोसळणार. मूळ आवृत्तीत हे तीन दिवस खेळाडूच्या 54 मिनिटांचे. गाणे वाजवून तो पहिल्या दिवसाच्या पहाटे परत येऊ शकतो, आणि तेच गाणे उलटे वाजवले की काळ मंदावतो. गावातल्या प्रत्येक माणसाचे तीन दिवस ठरलेले आहेत आणि ते टिपून ठेवायला खेळाडूला एक वही मिळते. कोण कधी कुठे असतो, कोणाचे पत्र कधी येते, हे जाणून घेणे हाच खेळ होतो. इथे काळ आवळल्यामुळे माणसे अधिक खरी वाटतात, कारण त्यांचे सगळे जगणेच त्या 54 मिनिटांच्या मापाने शिवलेले आहे.

एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला 2016 सालचा ‘स्टारड्यू व्हॅली’ पाहा. तिथली दहा मिनिटे म्हणजे आपले सात सेकंद. सकाळी सहा ते रात्री दोनचा दिवस चौदा मिनिटांत उरकतो. इतका छोटा दिवस असूनही कोट्यवधी लोकांना तो आवडला, याचे कारण त्या दिवसाचे काम चौदा मिनिटांच्या बेताचे आहे. पिकांना पाणी, गुराढोरांना चारा, मग खाणीची किंवा समुद्राची एक फेरी, एखाद्याला भेटवस्तू. सगळे एका दिवसात जमत नाही, म्हणून निवड करावी लागते आणि त्या निवडीत जीव गुंततो. ऋतू 28 दिवसांचा. पीक पेरायला उशीर झाला तर ऋतू बदलतो आणि ते वाळून जाते. कोणीही खेळाडूला धमकावत नाही, तरी काळाला किंमत राहते.

हळू घड्याळाचेही उदाहरण देते. यू सुझुकी यांचा ‘शेनमू’ 1999 साली आला. स्थळ जपानमधले योकोसुका, काळ 1986चा हिवाळा. रात्री कोणाला भेटायचे असेल तर रात्र होईपर्यंत थांबावे लागते, आणि पहिल्या भागात घड्याळ पुढे ढकलायची सोय नव्हती. काहींना ते कंटाळवाणे वाटले. पण सुझुकींनी त्या वेळेत करण्यासारखे गावभर पेरून ठेवले होते. आर्केडमध्ये खरोखर खेळता येणारे जुने गेम होते, खेळणी गोळा करता येत होती, गल्लीतल्या माणसांशी बोलता येत होते. सेगाच्या त्या गेममध्ये 1986च्या योकोसुकाचे खरे हवामान वापरण्याचीही सोय होती. आजही लोक ते गाव आपल्या बालपणीच्या गल्लीसारखे आठवतात. वाट पाहायला लावायचे असेल तर वाट पाहण्याची जागा आधी बांधावी लागते, हा त्यातला धडा.

प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओने 2018 साली ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ आणला. 1403 सालच्या बोहेमियात भूक लागते, अन्न शिळे होते, शरीर झोप मागते, आणि काही कामे वेळेत न केल्यास हातची जातात. आजारी गावासाठी औषध शोधायला निघालेला खेळाडू रेंगाळला तर माणसे दगावतात. ‘फॉलआउट: न्यू वेगास’चा 2010 सालचा हार्डकोर मोड आणि ‘स्कायरिम’चा नंतरचा सर्व्हायव्हल मोड हेही त्याच वाटेवरचे. टेबलावरची वही हळूहळू परत येते आहे. पण इथेही आकड्याने घात होऊ शकतो. 72 मिनिटांच्या दिवसात माणसासारखे तीनदा जेवायचे, तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी थाळी मांडावी लागेल. शरीराची भूक सूर्याच्या वेगाला बांधली, तर साहसकथेचे स्वयंपाकघर होते. भुकेचे प्रमाण वेगळेच धरावे लागते.

मित्रहो, हे सारे आपल्या कामाशी जोडू या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ आणला. तो ओपन वर्ल्ड नाही, पण आपल्या भूमीची, मूर्तिकलेची आणि पुराणांची गोष्ट इथल्याच लोकांनी जगापुढे नेली. आज ना उद्या आपल्यातलेच कोणी सह्याद्रीचे मोकळे जग उभारतील. त्यांनी घड्याळाचा आकडा बाहेरून उसना आणू नये, ही माझी विनंती आहे.

पन्हाळ्याहून विशाळगडाकडची रात्र घ्या. जुलै 1660. पावसाची रात्र, साठेक किलोमीटरची वाट, मागे सिद्दी जौहरचे सैन्य, आणि शिवाजी महाराज गडावर पोहोचल्याच्या तोफा होईपर्यंत खिंड लढवणारे बाजीप्रभू. आपल्याकडे जुलैतली रात्र साधारण अकरा तासांची. ‘स्कायरिम’च्या वेगाने ती 33 मिनिटांत सरेल. पालखीबरोबर चिखलातून धावणाऱ्याला हा वेग मानवेल, कारण जमीनही तितकीच आखडलेली असेल. खिंडीत उभ्या राहिलेल्याला मात्र तो मानवणार नाही. तिथे प्रत्येक मिनिट खेळाडूच्या हातातून, दमातून जायला हवे. म्हणजे एकाच प्रसंगात दोन वेग लागतील. वाटेवर पळते घड्याळ, खिंडीत थेट खरे घड्याळ. आणि खिंडीत पडद्यावर घड्याळ दाखवूच नये. तोफेचा आवाज कधी येईल हे बाजीप्रभूंनाही ठाऊक नव्हते.

पंढरीच्या वारीवर कोणी गेम केला, तर तिथे दिवसाचे माप तयारच आहे: एका मुक्कामापासून पुढच्या मुक्कामापर्यंतची वाटचाल. पहाटेची तयारी, चाल, विसावा, भजन, संध्याकाळचा तळ. हे सगळे एका बैठकीत अनुभवता येईल असा दिवस बांधावा आणि त्यातून वेग काढावा. रागांचे प्रहर जाणणारा श्रोताही आपल्याकडे आहे. 20 पट वेगात एक प्रहर नऊ मिनिटांत संपतो. पहाटेच्या भैरवाचा आलाप जेमतेम रंगतो तोच ऊन डोक्यावर येते. आपल्या संगीतकाराला प्रहर जपायचा असेल, तर त्याचे म्हणणे टाइमस्केल ठरण्याआधी ऐकले पाहिजे.

आता माझ्या सूचना स्पष्टपणे मांडते.

पहिली. दिवसाचे काम आधी लिहा, वेग नंतर काढा. समजा तुमच्या गेममध्ये जागेपणीच्या सोळा तासांत खेळाडूने प्रत्येकी वीस मिनिटांची तीन कामे करावीत आणि पंधरा मिनिटे वाटचाल करावी, असे तुम्हाला वाटते. म्हणजे 75 मिनिटे झाली. सोळा तासांची 960 मिनिटे भागिले 75, उत्तर 12.8. तुमचा वेग तेरापटीच्या आसपास. हा आकडा प्लेटेस्टमध्ये तपासा. कथेवर आणि माणसांवर भर असलेल्या आरपीजीसाठी मला 10 ते 15 पट वेग योग्य वाटतो. म्हणजे 96 ते 144 मिनिटांचा, चार ते सहा घटिकांचा दिवस. एका मोठ्या बैठकीत तो पुरा होतो आणि त्यात सांजही नीट दिसते.

दुसरी. कोणती गोष्ट कोणत्या घड्याळावर चालते, याचा तक्ता पहिल्या महिन्यात करा. झुंज, मंत्र, भूक, आजार, पीक, दुकान, मुदत. प्रत्येकापुढे खरा वेळ की गेमचा वेळ ते लिहा. वेग बदलला तर काय काय बिघडेल हे त्या तक्त्यावरून लगेच कळेल.

तिसरी. खेळाडू वाचत असताना काळ थांबवा. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये संवादाच्या वेळी जग थांबते, ‘स्कायरिम’मध्ये थांबत नाही. दोन्हींचे आपले फायदे आहेत. पण आपण मराठीतून गेम करणार, आणि आपला खेळाडू दहा वर्षांचा असेल, साठ वर्षांचा असेल, सावकाश वाचणारा असेल. त्याने लेखकाचे वाक्य शांतपणे वाचावे. वाचण्याचा दंड त्याला सूर्यास्ताच्या रूपाने होऊ नये.

चौथी. घाईचे वाक्य लिहाल तर ते पाळा. मुदत असेल तर आधी सांगा, चुकल्यास काय होईल त्याची चुणूक द्या, आणि चुकल्यावरही कथा पुढे जाईल असे लिहा. मुदत नसेल तर त्या पात्राच्या तोंडी घाई घालू नका. लेखकांना मी हे विशेष आग्रहाने सांगते, कारण हा प्रोग्रामिंगचा प्रश्न नाही. तो शब्दाच्या किमतीचा आहे.

पाचवी. वेगाचे नियंत्रण खेळाडूला द्या, आणि ते कन्सोलमध्ये न लपवता सेटिंगमध्ये समोर ठेवा. दोन-तीन पर्याय पुरेत. ज्याचा हात सावकाश चालतो, ज्याला दृष्टीची अडचण आहे, ज्याला फक्त हिंडायचे आहे, त्या प्रत्येकाला हे जग आपल्या गतीने अनुभवता यावे. मात्र पर्याय देण्याआधी टेस्टरांनी दोन्ही टोकांच्या वेगांवर सगळे क्वेस्ट चालवून पाहिले पाहिजेत.

शिक्षणसंस्थांतल्या अध्यापकांना माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांकडून शस्त्रांची आणि शत्रूंची यादी आपण करून घेतोच. त्याबरोबर त्यांच्या गेममधल्या एका सामान्य माणसाचा एक दिवसही लिहून घ्या: तो कधी उठतो, कुठे जातो, किती चालतो, कोणाची वाट पाहतो. तो दिवस ज्या वेगात नीट जगता येईल, तोच त्या जगाचा वेग. समीक्षा लिहिणाऱ्यांनाही सांगते, ग्राफिक्सबद्दल लिहाल तसे घड्याळाबद्दलही लिहा. मराठीत या विषयाची चर्चा झाली, तर पुढच्या पिढीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आपला खेळाडू आपल्याला पैसे देतो ते फार थोडे. त्याहून मोठी गोष्ट तो आपल्या हाती सोपवतो. त्याच्या खऱ्या आयुष्यातल्या संध्याकाळी. शंभर तासांचा गेम म्हणजे एका माणसाच्या जगण्यातले शंभर तास. त्या तासांच्या बदल्यात आपण त्याला किती दिवस देतो, आणि ते दिवस जगण्यासारखे असतात की नुसते उलटून जातात, याला आपणच उत्तरदायी आहोत.

म्हणून या परिषदेतून जाताना प्रत्येक गटाने एक काम घेऊन जावे. आज तुमच्या प्रकल्पात टाइमस्केलचा जो आकडा आहे तो शोधा. तो कोणी, कधी आणि कशावरून ठरवला ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तो खोडा, खेळाडूच्या एका दिवसाचे काम कागदावर मांडा आणि नव्याने हिशेब करा. पुढच्या परिषदेत आपण ते कागद एकमेकांना दाखवू आणि त्यांवर मोकळेपणी वाद घालू.